वेढा कापला की गाडी किती उतरते?

गेल्या पावसाळ्यात आमचे एक शिक्षक मित्र थोड्या अस्वस्थ मनाने आमच्याकडे आले. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने जुनी छोटी मोटार घेतली होती. चाके आणि टायर मूळचेच ठेवायचे, पण चाक आणि मडगार्ड यांमधली मोकळी जागा कमी करून गाडी जमिनीलगत दिसेल असे करायचे, अशी त्याची हौस होती. नव्या स्प्रिंगा घेण्याइतके पैसे नव्हते. गॅरेजमधल्या कारागिराने स्वस्त उपाय सांगितला, ‘प्रत्येक स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकू.’ मुलाने सरांना विचारले, ‘सर, यात काही धोका आहे का?’ सर म्हणाले, ‘लोखंड कमी झाले म्हणजे स्प्रिंग मऊ होईल. गाडी जरा जास्त हलेल, एवढेच.’ रात्री मात्र त्यांना झोप लागेना. ‘मी बरोबर सांगितले ना?’ हे विचारायला ते आले होते.

सरांचे उत्तर चुकले होते, आणि तेही अगदी उलट दिशेने. ही चूक फार स्वाभाविक आहे. म्हणूनच ती वर्गात मुद्दाम घडू द्यावी आणि मग प्रयोगाने दुरुस्त करावी, असे आम्हांला वाटते.

चिमट्याचा प्रयोग

प्रयोगशाळेतली एक लांब, नरम स्प्रिंग स्टँडला टांगा. खाली १०० ग्रॅमचे वजन अडकवा आणि स्प्रिंग किती लांबते ते मोजा. आता स्प्रिंगचा बरोबर मधला वेढा चिमट्यात घट्ट धरून चिमटा स्टँडला बांधा, म्हणजे फक्त खालचा अर्धा भाग मोकळा राहील. तेच वजन अडकवून पुन्हा मोजा. लांबीतली वाढ जवळजवळ निम्मी भरेल. वजन तेच, तार तीच, मग वाढ निम्मी का?

कारण साधे आहे. वजन वेढ्यांमध्ये वाटले जात नाही. प्रत्येक वेढ्याला संपूर्ण वजन पेलावे लागते, जसे साखळीतल्या प्रत्येक कडीला पेलावे लागते. प्रत्येक वेढा आपल्या वाट्याचे तेवढेच लांबतो आणि या सगळ्या लांबण्याची बेरीज आपण मोजतो. वेढे निम्मे केले की बेरीज निम्मी होते, म्हणजे स्प्रिंग दुप्पट ताठ होते. मोटारीची स्प्रिंग लांबण्याऐवजी दबते, परंतु नियम तोच. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलेला नियम इथे एकेका वेढ्याला लावायचा आहे.

अभियंते यासाठी एक सूत्र वापरतात. तारेच्या जाडीचा चौथा घात घ्यायचा आणि त्याला पोलादाच्या दृढता गुणांकाने, म्हणजे पिळाला होणारा विरोध दाखवणाऱ्या अंकाने, गुणायचे. मग ८, वेढ्याच्या व्यासाचा घन आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या या तिघांच्या गुणाकाराने भागायचे. वेढ्यांची संख्या छेदात आहे, हे लक्षात ठेवले तरी आजच्यापुरते पुरे.

एका छोट्या गाडीचा हिशेब

समजा, एका छोट्या मोटारीच्या पुढच्या चाकावरची स्प्रिंग ११ मिमी जाडीच्या तारेची आहे, वेढ्यांचा सरासरी व्यास ११० मिमी आहे आणि काम करणारे वेढे ५ आहेत. पोलादाचा दृढता गुणांक सुमारे ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर ताठपणा येतो २२ न्यूटन प्रति मिमी. या स्प्रिंगवर सुमारे २२५ किलोग्रॅमचा, म्हणजे २,२०० न्यूटनचा भार असेल, तर ती १०० मिमी दबून उभी राहील. मोकळी असताना ती ३५० मिमी लांब असेल, तर गाडीखाली ती २५० मिमी होईल.

आता एक वेढा कापू. मोकळ्या स्प्रिंगमध्ये एका वेढ्याची उंची ६० मिमी धरली, तर नवी लांबी २९० मिमी. वेढे ४ उरले, म्हणून ताठपणा २२ वरून २७.५ वर गेला. त्याच भाराखाली ती आता ८० मिमीच दबेल आणि २१० मिमीवर थांबेल. म्हणजे ६० मिमी पोलाद कापले, पण गाडी उतरली ४० मिमी. ‘एवढे कापले तरी तेवढी खाली का नाही आली?’ हा प्रश्न गॅरेजात पडतो, त्याचे उत्तर हे आहे. मग आणखी अर्धा वेढा कापण्याचा मोह होतो आणि तिथून खरी अडचण सुरू होते.

रेतीची पोती आणि कापलेली स्प्रिंग

गाडी खाली आणण्याची हौस आजची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या मोटारी जमिनीलगत आणून संथपणे फिरवायची प्रथा पाडली. ‘लोरायडर’ म्हणतात त्या याच गाड्या. त्यांचेही हात आखडलेलेच होते. कोणी स्प्रिंगा कापी, तर कोणी मागच्या डिकीत रेतीची पोती टाकी. १९५८ पासून कॅलिफोर्निया राज्यात नियम आला की मोटारीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. हा निर्बंध २०२४ च्या सुरुवातीला उठला.

पोते आणि करवत हे दोन उपाय वर्गात शेजारी शेजारी मांडण्याजोगे आहेत. सोयीसाठी मागची स्प्रिंगही वरच्यासारखीच समजू. एका चाकावर सुमारे ९० किलो रेती वाढवली तर स्प्रिंग आणखी ४० मिमी दबते. गाडी दोन्ही उपायांनी सारखीच उतरली. पण पहिली गाडी सेकंदाला सुमारे १.६ वेळा खालीवर होत होती. रेती टाकल्यावर ती १.३ वेळा होईल, म्हणजे संथ डुलेल. वेढा कापल्यावर मात्र जवळजवळ १.८ वेळा होईल, म्हणजे दणके देईल. सरांच्या मनात जे चित्र होते ते रेतीच्या गाडीचे होते.

खरा तोटा कुठे होतो?

ताठ स्प्रिंगमुळे कंबरेला दणके बसतात, ही तक्रार लहान आहे. मोठी गोष्ट दिसत नाही. चाक खड्ड्यातून वर उसळते तेव्हा त्याला वर सरकायला जागा लागते. त्या जागेच्या टोकाला रबराचा एक ठोकळा असतो. गॅरेजात त्याला बम्प स्टॉप म्हणतात. मूळ गाडीत ही जागा ७० मिमी आहे असे धरू. गाडी ४० मिमी उतरवली की ती ३० मिमी उरते. गाडी खाली येते ती याच जागेतून.

ठोकळ्याला टेकण्यापूर्वी स्प्रिंग किती ऊर्जा पोटात घेऊ शकते ते काढू. ही ऊर्जा ताठपणाच्या निम्मे गुणिले अंतराचा वर्ग एवढी असते. मूळ स्प्रिंगसाठी ती सुमारे ५४ जूल आणि कापलेल्या स्प्रिंगसाठी सुमारे १२ जूल येते. स्प्रिंग २५ टक्क्यांनी ताठ झाली, तरी धक्का झेलण्याची ताकद एक चतुर्थांशाहूनही कमी झाली! अंतराचा वर्ग घ्यावा लागतो, त्याचा हा परिणाम. तीच ५४ जूल ऊर्जा ३० मिमीमध्ये मुरवायची तर स्प्रिंगचा ताठपणा १२० न्यूटन प्रति मिमी, म्हणजे मूळच्या पाचपटींहून अधिक लागेल. अशा गाडीत कोणी बसणार नाही.

उरलेली ऊर्जा कुठे जाते? ठोकळ्यावर, तिथून शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यावर आणि मोटारीच्या पत्र्यावर. वळणावर हे घडले तर त्या चाकावरचा भार एकाएकी वाढतो आणि टायरची पकड सुटू शकते.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. चाक खाली लोंबते तेव्हा मूळ स्प्रिंगला ३१० मिमी जागा मिळते असे समजा. ३५० मिमीची स्प्रिंग तिथेही थोडी दबलेलीच राहते. २९० मिमीची स्प्रिंग मात्र २० मिमी सैल पडते. गाडी जॅकवर चढवली, किंवा गतिरोधकावरून जोरात उतरली, की ती आपल्या बैठकीतून सरकू शकते. शिवाय स्प्रिंगचे टोक बैठकीत नीट बसेल असे घडवलेले असते आणि करवतीने नेमके तेच टोक जाते.

काही ठिकाणी कापण्याऐवजी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवतात. हा उपाय सर्वांत वाईट. तापवल्याने स्प्रिंगचा ताठपणा फारसा बदलत नाही, पण पोलादाला पाणी देऊन आणलेला कणखरपणा जातो. मग ती भाराखाली कायमची वाकत राहते. किती आणि कधी, हे कोणी सांगू शकत नाही.

गतिरोधकाची भूमिती

आपल्या रस्त्यांवर आणखी एक हिशेब करावा लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेतला गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असलेली गाडी त्यावर मधोमध आली, तर चाकेही उंचवट्यावरच असतात. जीवा आणि त्रिज्या यांवरून काढले, तर तळाखालची जागा सुमारे ४२ मिमीने कमी होते. माणसे बसल्यावर तळ जमिनीपासून १६५ मिमी उंच असेल तर काही बिघडत नाही. उतरवल्यावर तो १२५ मिमीवर येतो, तरी गाडी निघून जाते.

पण गल्लोगल्ली दिसणारे अरुंद उंचवटे या मापाचे नसतात. १० सेंमी उंचीचा अरुंद गतिरोधक दोन्ही चाकांच्या मधे आला की १२५ पैकी २५ मिमी उरतात. गाडी थोडी जरी खाली दबली, तरी तळ घासणार. तिथे इंजिनाच्या तेलाची टाकी असू शकते. ‘आपल्या शाळेसमोरचा गतिरोधक मोजा आणि कोणती गाडी घासेल ते सांगा’ हा गृहपाठ आठवी-नववीच्या मुलांना फार आवडतो.

मग हौस करूच नये का?

करावी, पण पैसे कुठे वाचवायचे ते नीट ठरवून. मूळ चाके ठेवण्याचा त्या मुलाचा विचार शहाणपणाचा होता. मोठे खर्च तिथेच वाचतात, वेगमापक बरोबर राहतो आणि चाकाच्या बेअरिंगवरचा भारही जागच्या जागी राहतो. कोणी म्हणेल, मूळ रिमवर बुटके टायर चढवू. १६५/८० आर १४ या टायरचा व्यास सुमारे ६२० मिमी असतो, तर १६५/६५ आर १४ चा ५७०. गाडी २५ मिमी उतरेल, पण वेगमापक खऱ्या ९२ ला १०० दाखवेल, आणि मडगार्डखालची मोकळी जागा उलट २५ मिमीने वाढेल. हौस तशीच राहील.

वाचलेला पैसा स्प्रिंगवर खर्च करावा. त्याच गाडीसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंगा घ्याव्यात आणि उतार २५ मिमीच्या आसपास ठेवावा. चांगल्या आखूड स्प्रिंगमध्ये पुष्कळदा वेढे सारख्या अंतरावर नसतात. जवळचे वेढे आधी मिटतात, काम करणारे वेढे कमी होतात आणि स्प्रिंग दबता दबता ताठ होत जाते. म्हणजे वेढे कमी झाले की ताठपणा वाढतो, हा आपल्या प्रयोगातला नियम इथे मुद्दाम कामाला लावलेला असतो. थकलेले शॉक ॲब्सॉर्बर ताठ स्प्रिंगला आवरू शकत नाहीत, म्हणून ते आधी तपासावेत. चारही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची कामाआधी आणि कामानंतर मोजावी. शेवटी व्हील अलाइनमेंट आणि दिव्यांचा रोख पाहावा. फक्त पुढचा भाग ४० मिमी उतरला तर ३० मीटरवर प्रकाशझोत अर्धा मीटर खाली पडतो.

यातून मिळते काय? गुरुत्वमध्य ५५० मिमीवरून ५१० वर आला, तर वळणावर आतल्या चाकांकडून बाहेरच्या चाकांकडे जाणारा भार सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. फायदा खरा आहे, पण लहान आहे. कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावले. म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

आमच्या मित्रांनी हे सगळे आकडे एका कागदावर उतरवून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्या मुलाला बोलावले. आधी आपले उत्तर चुकले होते हे सांगितले, मग चिमट्याचा प्रयोग त्याच्याच हातून करवला. मुलाने ५४ आणि १२ हे दोन आकडे स्वतः काढले. करवत तूर्त थांबली आहे, तो स्प्रिंगांसाठी पैसे जमवतो आहे. त्याने सरांना जाता जाता विचारलेला प्रश्न आम्ही तुमच्या वर्गासाठी ठेवतो: एक वेढा कापल्यावर गाडी ४० मिमी उतरली, तर तेवढ्याच भाराखाली दुसरा वेढा कापल्यावर ती आणखी किती उतरेल, आणि ठोकळ्यापर्यंत किती जागा उरेल?