बेल्हे, जाड अक्षरात

कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाट्याच्या पूर्वेला बेल्हे लागतं. सोमवारचा बाजार आणि बैलांची खरेदी-विक्री यांसाठी जुन्नर तालुक्याबाहेरही त्याचं नाव आहे. अशा गावात फलक वाचणारा एक तर टेम्पोत असतो, नाहीतर कासरा धरून चाललेला. त्याच्यासाठी अक्षर जाड हवं. पण नुसतं जाड करून भागत नाही.

‘बेल्हे’ हेच नाव घ्या. ‘ब’च्या पोटात एक तिरकी रेघ आहे. काना आणि पोटाची गोलाई जाड करत गेलं की त्या रेघेला जागा उरत नाही; पोट बुजतं आणि लांबून ‘ब’ आणि ‘व’ सारखेच दिसू लागतात. ‘ल्हे’मध्ये अर्ध्या ‘ल’ला ‘ह’ची वळणं चिकटतात. वर मात्रा आहेच. म्हणून जाडीबरोबर रुंदीही वाढवावी लागते, पोकळ्या मोकळ्या ठेवाव्या लागतात.

फ्लेक्सच्या दुकानात ही रुंदी माउसने ओढून मिळवतात. २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींची वाट मोकळी केली. आता शर्यतींच्या घाटाघाटांवर, म्हणजे धावपट्ट्यांवर, अशा ओढलेल्या अक्षरांचे फलक दिसतात. आडवं ओढलं की काना फुगतो, शिरोरेषा मात्र होती तेवढीच बारीक राहते. गोलाया चपट्या होतात त्या वेगळ्याच. माझ्या मते आजच्या फलकांचं निम्मं कुरूपपण या ओढाताणीतून आलंय.

छपाईच्या खिळ्यांच्या काळात अशी ओढण्याची सोयच नव्हती. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या देखण्या टाइपामागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. पोलादी पंचावर अक्षर उलटं कोरायचं, तेही प्रत्येक आकारासाठी नव्यानं. रुंद अक्षर हवं असेल तर ते कुणीतरी रुंदच कोरायला हवं. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉटरीच्या जाहिरातींनी असंच लठ्ठ, टोकांना बारीक आडव्या रेघा (सेरिफ) असलेलं अक्षर लोकप्रिय केलं. देवनागरीत सेरिफ नाही; जाड-बारीक रेषांचा तोच तोरा बोरूच्या तिरक्या छाटणीतून येतो.

अक्षरकार कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी तो तोरा हातानं उभा केला. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीला जागा बेताची, छपाई काळी-पांढरी. तेवढ्यात नाटकाचा स्वभाव दाखवायचा तो अक्षरानंच. नारायणगावच्या राहुट्यांसमोरचे तमाशाच्या फडांचे रंगवलेले फलक पाहताना मला त्यांचंच काम आठवतं. शेडगे काय किंवा हे फलक रंगवणारे काय, दोघांनाही शिरोरेषा किती जाड धरायची ते कळलेलं असतं.

संगणकावर आता ‘रोझा वन’ आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट २०१४चा आणि मोफत. भरदार काने, केसाएवढ्या बारीक सांध्याच्या रेषा. मोठ्या शीर्षकाला तो शोभतो. फ्लेक्सच्या तळाशी शुभेच्छुकांची यादी त्यात लावली तर त्या रेषा गायब होतील.

पण ‘रोझा’ वापरण्यातली खरी अडचण निराळीच आहे. बऱ्याच दुकानांतला मजकूर अजून युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप होतो. तो तसाच ‘रोझा’त टाकला तर भलतीच चिन्हं उमटतात. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा परिवर्तक वापरावा, मग ‘शेतकऱ्यांचा’मधला ‘ऱ्य’ आणि जिथे जिथे रफार असेल तो पुन्हा डोळ्यांखालून घालावा.