रांग कुठे अडली?

शेगावच्या दर्शनबारीत तासभर उभं राहिलेल्या माणसाला रांगेची दोन दारं वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. एक बाहेरचं, बारीत घेणारं. दुसरं आतलं, समाधीपाशी सोडणारं. बाहेरचं बंद झालं तरी आत शिरलेल्यांचं दर्शन होतंच. आतलं थांबलं तरी मागून माणसं येऊन उभी राहतच असतात. लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या ‘कप्स’ या प्रणालीची घडण हुबेहूब अशी आहे, आणि हे कळलं की प्रिंटरवरचा निम्मा राग ओसरतो.

राग कसा असतो ते मी आमच्याकडे कोर्टाच्या फाटकासमोरच्या एका टायपिंगच्या दुकानात पाहिलं. भाडेकराराची एक प्रत हवी होती. बटण दाबलं, कागद येईना. पुन्हा दाबलं. पाचव्यांदा दाबून झाल्यावर “प्रिंटर बसलं वाटते भाऊ,” म्हणत दुकानदारानं तार उपटली, खोचली. मग प्रिंटरनं पाचही वेळचं मागणं इमानदारीनं पुरं केलं. ट्रेमध्ये मुद्रांक नव्हता हे नशीब.

प्रिंटर बसलेलाच नव्हता. अडली होती ती रांग. आणि रांगेला विचारता येतं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत ‘एलपीस्टॅट -ओ’ लिहिलं की कुणाकुणाचं काम खोळंबलंय, त्याचा क्रमांक काय, आकार किती, कधी पाठवलं हे ओळीनं समोर येतं. नको असलेल्या कामाचा क्रमांक ‘कॅन्सल’ या आज्ञेपुढे लिहिला की तेवढंच काम रांगेतून उठतं. बाहेरच्या दाराला ‘कप्सॲक्सेप्ट’ आणि ‘कप्सरिजेक्ट’, आतल्या दाराला ‘कप्सएनेबल’ आणि ‘कप्सडिसेबल’. प्रिंटरशी बोलणं फिसकटलं तर आतलं दार लावून घ्यायचं, ही कप्सची मूळ रीत. काही लिनक्समध्ये ती बदललेली असते. दार लागलं की तार नीट बसवूनही काही हलत नाही. ‘कप्सएनेबल’ म्हटलं की कामं धडाधड सुटतात.

हे शिकायचं कुणी? निदान न्यायालयांच्या परिसरात तरी ही चैन नाही. २००७पासून सुरू झालेल्या ई-कोर्ट प्रकल्पानं देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत उबुंटू लिनक्स नेलं. खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेच्या पुणे केंद्रानं घडवली. बुलडाण्यापासून मेहकर-मलकापूरपर्यंत न्यायालयाचं काम शेवटी कागदावर उतरतं: नोटीस, समन्स, रोजनामा, आदेशाची नक्कल. तिथं तातडीच्या कामाला ‘एलपी -क्यू १००’ असा मान देता येतो. मान १ ते १०० असतो, काही न सांगितल्यास ५०. एक प्रिंटर बिघडला तर ‘एलपीमूव्ह’नं त्याची कामं शेजारच्यावर ढकलता येतात. फाईल पुन्हा शोधा, पुन्हा उघडा, पुन्हा छापा ही कटकट वाचते.

गंमत म्हणजे लिनक्स ज्या वळणावर घडलं त्या युनिक्सचं पोटही आधी कायद्याच्याच कागदांवर भरलं. १९७१मध्ये बेल प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाला अर्ज टाईप करून नीट मांडून देण्याचं काम या प्रणालीनं केलं, म्हणून तिच्यासाठी मोठं यंत्र घेण्याचा खर्च पचला. पुढे युनिक्सच्या दोन शाखा झाल्या. बर्कलेवाल्यांची ‘एलपीआर, एलपीक्यू, एलपीआरएम’ ही भाषा, एटी अँड टीवाल्यांची ‘एलपी, एलपीस्टॅट, कॅन्सल’. मायकेल स्वीट यांनी १९९७मध्ये कप्सचं काम सुरू केलं. १९९९मध्ये आलेल्या या प्रणालीनं दोन्ही बोली शिकून घेतल्या, भांडण मिटवलं. आता ॲपलच्या संगणकातही हीच प्रणाली आहे.

पण मला खरी ओढ आहे ती रिचर्ड स्टॉलमन यांच्या किश्श्याची. एमआयटीच्या प्रयोगशाळेत जुन्या प्रिंटरच्या प्रणालीत त्यांनी एक सोय घातली होती: कागद अडकला की रांगेत थांबलेल्या सगळ्यांना निरोप जायचा, कुणीतरी उठून कागद काढायचं. १९८०च्या सुमारास झेरॉक्सचं नवं लेसर यंत्र आलं. त्याचा मूळ प्रोग्रॅम मागूनही मिळाला नाही, म्हणजे ही सोय त्यात घालणं अशक्य. त्या चिडीचा वाटा त्यांच्या १९८३च्या ग्नू या मुक्त प्रणालीच्या प्रकल्पात आहे, आणि ग्नूशिवाय आजचं उबुंटू नाही. थोडक्यात, आपल्या तालुक्याच्या न्यायालयातल्या संगणकाच्या पूर्वजांत एक अडकलेला कागद आहे.

अडचणीही सांगायला हव्यात. अर्जाची मांडणी लीगल कागदाची आणि ट्रेमध्ये ए-फोर, अशी गाठ पडली तर प्रिंटर दिवा लुकलुकवत नुसता बसून राहू शकतो; ‘-ओ मीडिया=ए-फोर’ आधीच सांगावं. आणि मराठीचं दुखणं वेगळंच. साधी मजकुराची फाईल थेट ‘एलपी’च्या हवाली केली तर नेहमीचा मार्ग अक्षरं सुटी सुटी घेतो, जोडाक्षरं जुळत नाहीत, वेलांटी भलतीकडे जाते. म्हणून ‘पॅप्स’ नावाचं छोटं साधन मधे घालतात. ते अक्षरं जुळवून मगच पुढे धाडतं. नाहीतर लिबरऑफिसातून पीडीएफ करायची आणि ती द्यायची. टायपिंगवाल्याला मी हे दुसऱ्या खेपेला सांगितलं. पीडीएफचं त्यानं लगेच उचललं, ‘एलपीस्टॅट’ही कधीमधी विचारतो. तार मात्र अजून आधी उपटतो.