पाऊल कसे पडते?

मूल चालू लागले की घरात आनंदीआनंद होतो. शेजारचे मूल आधी चालू लागले, तर मात्र आईला काळजी वाटते आणि अनेकदा दोषही तिलाच दिला जातो. परंतु बाळाचे पाऊल पडते कशामुळे?

नवजात बाळाला काखांखाली हात घालून उभे धरले व त्याचे तळवे जमिनीला टेकवले, तर ते चालल्याप्रमाणे पाय उचलते. साधारण दोन महिन्यांनी ही हालचाल दिसेनाशी होते. वाढता मेंदू ही जन्मजात क्रिया दडपून टाकतो, असे शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत असत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन यांना यात विसंगती जाणवली. कारण त्याच वयाची बाळे उताणी निजून तसेच पाय झाडत असतात. थेलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाय पाण्यात असताना बाळांनी अधिक पावले टाकली. पायांना लहान वजने बांधताच पावले कमी झाली. म्हणजे हालचाल पुसली गेली नव्हती. पाय गुटगुटीत झाले होते आणि त्यांचा भार उचलण्याइतके बळ स्नायूंत अजून आले नव्हते.

बालविकासाकडे असे पाहण्याला ‘प्रणाली-दृष्टिकोन’ म्हणतात. परस्परांवर परिणाम करणाऱ्या घटकांची एकत्रित रचना म्हणजे प्रणाली. मेंदू, स्नायू, शरीराचे वजन, पोषण, पायाखालची जमीन आणि हात पुढे करून बोलावणारी माणसे या साऱ्यांच्या मेळातून पाऊल घडते. एक घटक बदलला, तरी हालचाल बदलू शकते.

म्हणूनच सर्व मुलांचे वेळापत्रक एक नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आधाराविना चालण्याचे वय सुमारे ८ ते १८ महिने असे आढळले. काही मुले तर न रांगताच चालू लागली.

अठरा महिन्यांनंतरही मूल चालत नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. मात्र तेव्हाही ‘चूक कोणाची?’ असे न विचारता ‘बाळाला कशाची जोड हवी?’ असे विचारावे. कारण पाऊल बाळ टाकते; पण ते एकट्याचे नसते.