पंगत कबड्डीची

महाड-पोलादपूरकडे भातकापणी उरकली, की रिकाम्या शेतांत कबड्डीची मैदानं आखली जातात. सामने रात्री, दिव्यांच्या उजेडात. चढाया-पकडींचं कौतुक सगळेच करतात. माझं लक्ष मांडवामागच्या चुलीकडे असतं.

सात गडी मैदानात, पाच राखीव, वर एक व्यवस्थापक. सोळा संघ आले, तर दोनशेवर पानं! तांदूळ घरोघरचा, वरण, चवळीची उसळ, लोणचं. मुंबईकर चाकरमान्यांनी वर्गणी घसघशीत पाठवली, तर शेवटच्या दिवशी मटण. पण भरल्या पोटी दम टिकत नाही. म्हणून जाणत्या बायका खेळणाऱ्यांना आधी चहा-केळं एवढंच देतात, मध्यंतराला मीठ-साखरेचं लिंबूपाणी, आणि भात सामना आटोपल्यावर, मग पहाट का होईना. हे त्यांना कुणा आहारतज्ज्ञाने शिकवलेलं नाही.

खरी ओढाताण पाण्याची. पावसाळ्यात सावित्री दुथडी वाहते, पण मार्च उजाडला की वरच्या वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. धूळ बसवायला मैदानावर शिंपायचं पाणी त्यातलंच. हंडे वाहायच्या बायकांनी, आणि सामना बघायचा मागे अंधारात उभं राहून! मला हे खटकतं. स्पर्धा जानेवारीतच उरका, असं मी मंडळांना दरवर्षी सांगतो.

महाडात पाण्याचा विषय हलका नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले, ते इथंच. हल्ली मैदानाकडेच्या पिंपावर दोन्ही संघ, पंच, प्रेक्षक एकाच पेल्याने पिताना मी पाहतो. कुठे कुठे आता बाटल्याही आल्या आहेत. त्या मात्र नांगरटीपर्यंत शेतात पडून असतात.