नेतोजी पालकर : चौक, काबूल आणि पुन्हा रायगड

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पनवेल सोडून खोपोलीकडे निघाले की खालापूर तालुक्यातील चौक लागते. शिवाजी महाराजांचे सरनोबत नेतोजी पालकर यांचे हे जन्मगाव मानले जाते. 'प्रतिशिवाजी' ही त्यांची ओळख सर्वांनाच ठाऊक असते. 1666 नंतरची त्यांची दहा वर्षे मात्र सहसा दोन ओळींत उरकली जातात.

सरनोबत म्हणजे घोडदळाचा सर्वोच्च अधिकारी. सरकारी घोड्यावरचे बारगीर आणि स्वतःचे घोडे घेऊन येणारे शिलेदार, दोघेही त्याच्या हुकमतीत. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, त्यांवर हजारी, पंचहजारी अशी ही उतरंड होती. अवजड सरंजाम मागे ठेवून धावणाऱ्या या दळाचे सारे बळ वेळ साधण्यात होते. 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफझलखान पडला, तेव्हा त्याच्या फौजेवर तुटून पडताना नेतोजींनी ती अचूक साधली.

पन्हाळ्यावर, जानेवारी 1666 मध्ये, तीच चुकली. पुरंदरच्या तहामुळे महाराज तेव्हा मिर्झाराजे जयसिंहांच्या बाजूने विजापूरशी लढत होते. नेतोजी उशिरा पोहोचले, हल्ला फसला, सुमारे हजार माणसे कामी आली. महाराजांनी त्यांची सरनोबती काढून घेतली. दुखावलेले नेतोजी विजापूरकरांना मिळाले आणि तेथून जयसिंहांनी त्यांना पंचहजारी मनसब देऊन मोगलांकडे ओढले. हा सारा ठरवून केलेला कावा होता, असे म्हणणारे आहेत. हजार माणसे गमावून असा कावा कोणी रचील, हे पटणे कठीण.

ऑगस्ट 1666 मध्ये महाराज आग्र्याहून निसटले आणि त्याची किंमत नेतोजींना मोजावी लागली. संशयी औरंगजेबाने त्यांना कैद करवून दिल्लीस आणवले. 1667 मध्ये धर्मांतर होऊन नेतोजींचे 'मुहम्मद कुलीखान' झाले व त्यांची रवानगी काबूलकडील मोहिमेवर झाली. सह्याद्रीच्या घाटांत वाढलेल्या स्वाराची पुढची वर्षे अफगाण डोंगरांत गेली.

दिलेरखानाबरोबर दक्षिणेत परतताच नेतोजींनी मोगली छावणी सोडून महाराजांकडे धाव घेतली. जेधे शकावलीनुसार आषाढ वद्य 4, शके 1598, म्हणजे 19 जून 1676 रोजी त्यांनी प्रायश्चित्त घेतले. परधर्मात गेलेल्याला दार बंद असण्याच्या त्या काळात, छत्रपतींच्या संमतीने झालेला हा प्रवेश साधी गोष्ट नव्हती. सरनोबती मात्र पुन्हा मिळाली नाही. नेतोजींनंतरचे सरनोबत प्रतापराव गुजर 1674 साली नेसरीला पडले होते आणि त्या जागी हंबीरराव मोहिते होते.