आजारातून उठल्यावर पहिला घास कशाचा?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वसाहतीतल्या विहारात दर रविवारी सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. त्या दिवशी वाचन संपले आणि असा पाऊस कोसळू लागला की कुणालाच घरी जाता येईना. त्यात लाइट गेली. कुणीतरी चहा टाकला. समोरच्याच खोलीतल्या वहिनी डोक्यावर पदर घेऊन धावत गेल्या आणि कांदाभजी तळून घेऊन आल्या. मग काय, विषय खाण्याचाच निघणार!

अकोल्याकडचे एक भाऊ नुकतेच डेंग्यूतून उठले होते. ते म्हणाले, “दहा दिवस तोंडाला चव नव्हती पाहा. मग घरी आंबाडीची भाजी केली, ज्वारीच्या कण्या टाकून, वरून लसणाचं तेल. दोन भाकरी खाल्ल्या, तवा कुठं जीवात जीव आला.”

मी म्हटले, चला, प्रत्येकाने सांगा, आजारातून उठल्यावर पहिला घास कशाचा हवा? सणासुदीचे पदार्थ कुणी सांगायचे नाहीत. पुरणपोळी आणि मटण बाद.

रत्नागिरीच्या मावशींना विचारही करावा लागला नाही. तांदळाची पेज, चवीला मीठ आणि तोंडी लावायला चुलीत भाजलेला बोंबील. जळगावच्या वहिनी म्हणाल्या, कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळायचे, त्याची भाकरी, वर कच्चे तेल आणि ठेचा. आजारी माणसाला ठेचा? “त्याच्याबिगर बरं कसं वाटणार?” असे त्यांनीच उलट विचारले. नागपूरच्या ताईंनी उलट्या मडक्यावर भाजलेल्या लांब रोटीचे नाव काढले. लोकवन गव्हाचे पीठ पातळ मळून, आपटून आपटून, दोन्ही हातांवर झुलवत ती रोटी हातभर लांब करायची. “इथं कुणी करून दाखवा,” त्या म्हणाल्या. कुणीच पुढे आले नाही.

एवढ्यात कोपऱ्यात बसलेला एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, “माझी आजी चान्यांची आठवण काढते.” एकदम शांतता झाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मांसाच्या लांब पट्ट्या कापून, उन्हात वाळवून ठेवायच्या, त्या चान्या. विस्तवावर भाजून किंवा पाण्यात शिजवून खायच्या. आमचे एक ज्येष्ठ, गिरणीतून निवृत्त झालेले, चिडलेच. “बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आमच्या बापांनी गावाशी वैर घेऊन ते सोडलं. ते आता कशाला उगाळता?”

मुलगाही ऐकणारा नव्हता. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ त्याने वाचलेले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरी काय शिजत होते, ते पाटोळ्यांनी त्यात पाककृतींसह लिहून ठेवले आहे. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आले. मुलगा म्हणाला, “सोडलं ते बरोबरच केलं. पण आपण काय खात होतो आणि का खात होतो, ते लिहायचंच नाही का? बाजारातल्या पाककृतीच्या पुस्तकांत आपलं घर कुठं आहे?” ज्येष्ठांनी मान हलवली नाही; पण उठूनही गेले नाहीत. (पाऊसही होताच म्हणा.) माझे मत विचाराल तर दोघांचेही खरे आहे. लादलेले अन्न सोडणे हा स्वाभिमान होता. पण त्या अन्नातही आमच्या आज्यांचा हात होता, युक्ती होती. शिळी कोरडी भाकरी कुस्करून, लसणाची फोडणी देऊन सहा पोरांना पुरवणे सोपे काम नव्हे.

बोलता बोलता मीही एक कबुली देऊन बसलो. मी कचेरीत कारकून. नोकरीच्या पहिल्याच वर्षी डब्यात सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी नेली होती. आमच्या घरच्या चिपळूणकडच्या. लग्न नवीन, त्यांनी हौसेने दिलेली. झाकण उघडले आणि शेजारचे गृहस्थ खुर्ची उचलून खिडकीशी जाऊन बसले. बोलले कुणीच काही नाही. वास म्हणावा, तर त्याच टेबलावर दुसऱ्या एकाच्या डब्यात तळलेली सुरमई असायची आणि सगळे मिटक्या मारत तिचा वाटा घ्यायचे. मी काय समजायचे ते समजलो. झाकण लावले. पुढे जवळजवळ वीस वर्षे माझ्या डब्यात बटाटा, मटकी, कोबी. बायकोला सांगितले, मला दुपारी हलकेच जेवण सोसते. तिने कधी विचारले नाही. पण तिला कळले असणार.

मुलगी पुण्यात शिकते, वसतिगृहात. आईने दिलेली सुकट चटणीची बरणी तिने सरळ खोलीत टेबलावर ठेवली. चार दिवसांत फोन आला, “बाबा, संपली. मैत्रिणींनी भाताबरोबर खाल्ली. अजून पाठवा.” मला आनंद झाला आणि स्वतःची लाजही वाटली. अर्थात सगळीकडे असे नाही. त्याच मुलीला आधी भाड्याची खोली पाहताना दोन ठिकाणी जेवणात काय खाता, असे विचारून परत पाठवले होते.

आता मूळ प्रश्न. मला सर्वांनी विचारले, तुमचे काय? मी माझे न सांगता आईचे सांगितले.

आमची आई बीड जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात चौदा वर्षांची होती, रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर परदेशी लाल ज्वारी मिळायची, मिलो. तिच्या भाकरीचे नाव काढले तरी आई आजही तोंड वाकडे करते. पण कामावर वाटत ती सुकडी, तो गोडसर भुगा, तिला अजून आठवतो. “ओच्यात बांधून आणायची अन् धाकट्याला द्यायची,” सांगते. धाकटा म्हणजे आमचे मामा.

गेल्या मार्चमध्ये आई न्यूमोनियाने बारा दिवस दवाखान्यात होती. घरी आली ती नुसती हाडे. मऊ भात केला, मुगाचे पाणी केले, सफरचंद किसून दिले. दोन चमच्यांपुढे जाईना. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, “हुलग्याचं माडगं मिळंल का रं?”

मी बाजारात हुलगे शोधायला निघालो. आमच्या घरच्या म्हणाल्या, “हुलगे म्हणजे कुळीथच ना? माहेरचं पिठीचं पीठ डब्यात आहे की.” पंचवीस वर्षे या दोघींचे स्वयंपाकावरून रोजचे. एकीला सुकटीचा वास नको, दुसरीला येसराची आमटी जळजळीत लागते. कोकणातली पिठी लसूण, मिरची आणि आमसूल घालून तिखट-आंबट. माडगे गुळाचे गोड. पण धान्य तेच! दोघींनाही इतक्या वर्षांत ते माहीत नव्हते, आणि मला तर नव्हतेच.

भगिनींसाठी कृती देतो, आईने पलंगावरून सांगितली तशी. हुलगे खरपूस भाजून, भरडून, टरफल काढून बारीक दळावेत. तीन कप पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी. चार चमचे पीठ गार पाण्यात कालवून, धार धरून सोडावे आणि सारखे ढवळावे, नाहीतर गुठळ्या होतात. पळीवरून ओघळेल इतपत पातळच ठेवावे. सुंठ असली तर घालावी.

आईने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि संपवली. मग म्हणाली, “पीठ जरा जास्त भाजलंय. पण चांगलंय.” सुनेच्या हातच्या पदार्थाला ‘चांगलंय’ म्हटलेले मी प्रथमच ऐकले. संध्याकाळी तिने स्वतःहून विचारले, “तुमची ती आंबट पिठी कशी करतात गं?”

हे सांगेपर्यंत पाऊस उघडला होता. रत्नागिरीच्या मावशी उठता उठता म्हणाल्या, “पिठीत आमसूल शेवटी घालायचं, सांगा तुमच्या आईला.” मी घरी जाऊन सांगितले.

डब्यातले पीठ आता तळाला लागले आहे. चिपळूणला फोन करून झाला. या खेपेला दोन किलो सांगितले आहे.