फुकट आणि मुक्त

ग्रामोफोनची तबकडी एका कंपनीने काढलेली असे आणि ती वाजविणारे यंत्र दुसऱ्या कंपनीचे असे; तरी श्रोत्याचे सहसा काही अडत नसे. यंत्राची कमान तुटली, तर दुसरे यंत्र आणता येई. गाणे तबकडीतच सुरक्षित राही. संगणकावर संगीत ऐकणाऱ्याच्या घरीही ही विभागणी कायम आहे. गाणे एका फाइलमध्ये साठविलेले असते आणि ते वाजविण्याचे काम एक निराळी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, करते. अशा अनेक आज्ञावल्या आज एक पैसाही न देता मिळतात. त्यांपैकी कोणती घ्यावी, याचा निर्णय पुष्कळ लोक तिच्या रंगरूपावरून करतात. रंगरूप डोळ्यांसाठी असते. कानांशी त्याचा संबंध थोडाच आहे.

संगणकाला सूर कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून ध्वनीच्या लहरीचे क्षणोक्षणी मोजमाप घेऊन ते आकड्यांत लिहून ठेवावे लागते. कॉम्पॅक्ट डिस्कवर हे मोजमाप एका सेकंदात ४४,१०० वेळा घेतलेले असते, आणि तेही डाव्या व उजव्या बाजूसाठी स्वतंत्र. एका तासाच्या गाण्याला अशा रीतीने सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. हा पसारा आवरण्यासाठी एमपी-थ्री ही पद्धती निर्माण झाली. तिच्या घडणीत जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांचा मोठा वाटा आहे. ढोल वाजत असता शेजारच्या माणसाची कुजबुज ऐकू येत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. संगीतातील असे न ऐकू येणारे बारीक आवाज गाळून टाकले, की तोच तास साठ मेगाबाइटांच्या आतही मावू शकतो. मात्र गाळलेला भाग पुन्हा कधीही परत मिळत नाही. २००१ मध्ये जॉश कोल्सन यांनी पुढे आणलेली फ्लॅक ही पद्धती काहीच गाळीत नाही. ती सर्व आकडे दाबून बसविते आणि मूळच्या साधारण निम्म्या जागेत ते जसेच्या तसे राखते.

वाजविणारी आज्ञावली हे गाठोडे सोडते आणि आकड्यांचा पुन्हा ध्वनी करविते. तेव्हा संग्रहात ज्या प्रकारची गाठोडी आहेत, ती तिला सोडता येतात की नाही, हा पहिला प्रश्न होय. बहुतेक चांगल्या आज्ञावल्या या परीक्षेत सहज उतरतात. एकच फाइल अमुक आज्ञावलीत अधिक गोड ऐकू येते, असे काही जण मोठ्या खात्रीने सांगतात. बहुधा तीत आवाज थोडा चढवून ठेवलेला असतो, इतकेच!

खरा प्रश्न पुढचा आहे. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्ही अर्थांना एकच शब्द चालतो, त्यामुळे तेथे पुष्कळ घोटाळा होतो. मराठीत दोन शब्द आहेत, आणि या प्रकरणी ते दोन्ही लागतात. फुकट आज्ञावलीची किंमत पडत नाही. परंतु ती ज्या मूळ संहितेतून तयार झाली, ती संहिता कर्त्याच्याच हाती राहते. मुक्त आज्ञावलीची संहिता वाचण्याची, बदलण्याची आणि बदललेली प्रत इतरांना देण्याची मुभा सर्वांना असते.

हा भेद व्यवहारात किती मोठा आहे, हे दोन उदाहरणांवरून दिसून येते. १९९७ मध्ये जस्टिन फ्रँकेल या अमेरिकन तरुणाने आपल्या सहकाऱ्यासह विनॅम्प ही आज्ञावली काढली आणि ती थोड्याच काळात जगभर पसरली. १९९९ मध्ये एओएल या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये, ती लवकरच बंद होणार, असे कंपनीने जाहीर केले. जानेवारी २०१४ मध्ये बेल्जियममधील रेडिओनॉमी या कंपनीने ती घेतली, म्हणून ती तगली. पण मधल्या आठवड्यांत वर्षानुवर्षे ती वापरणाऱ्या माणसांना वाट पाहण्यावाचून काहीही करता आले नाही.

याउलट अमारोक ही लिनक्सवरील आज्ञावली मुक्त होती. डिसेंबर २००८ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. ती पुष्कळांना रुचली नाही. जुनी घडणच त्यांना बरी वाटे. त्यांच्यापैकी काहींनी जुन्या आवृत्तीची संहिता घेतली आणि २०१० मध्ये क्लेमेंटाइन नावाची नवी आज्ञावली उभी केली. पुढे तिचेही काम मंदावले, तेव्हा २०१८ मध्ये तिच्यातून स्ट्रॉबेरी निघाली. या सर्व व्यवहारात कोणाला कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

व्हीएलसी हीदेखील मुक्त आहे. पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये तिचा आरंभ केला आणि १ फेब्रुवारी २००१ रोजी तिची संहिता सर्वांना खुली झाली. पुढ्यात टाकलेली बहुतेक कोणतीही फाइल ती वाजविते. हजारो गाण्यांचा संग्रह नीट लावण्यात मात्र तिचा हात तितकासा बसलेला नाही. तथापि फुकट ते सर्व वाईट, असे मानणे अन्यायाचे होईल. पीटर पाव्हलोव्हस्की यांची फूबार-टू-थाउजंड ही आज्ञावली २००२ पासून फुकट मिळते. ती मुक्त नाही. पण संग्रह लावण्यात तिच्या तोडीच्या थोड्याच असतील.

आज्ञावली बदलता येते. परंतु गाण्यालाच कुलूप असेल तर काय? एमएसएन म्युझिक या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या दुकानातून विकत घेतलेल्या गाण्यांना असे कुलूप असे. गाणे नव्या संगणकावर न्यावयाचे, तर कंपनीकडून किल्ली मागवावी लागे. २००८ मध्ये कंपनीने जाहीर केले, की ३१ ऑगस्टनंतर किल्ल्या मिळणार नाहीत. ग्राहकांनी ओरड केली, तेव्हा ही मुदत २०११ च्या अखेरीपर्यंत वाढविण्यात आली. पैसे मोजून घेतलेले गाणेही अशा रीतीने परक्याच्या मर्जीवर राहिले होते.

मराठी श्रोत्याने आणखी दोन कसोट्या लावून पाहाव्यात. फाइलीच्या पोटात गाण्याचे व गायकाचे नाव लिहिण्याची सोय असते. तिच्या पहिल्या प्रकारात नावाला अवघ्या तीस अक्षरांची जागा होती आणि देवनागरीचा विचारच नव्हता. नव्या प्रकारात देवनागरी लिहिता येते. तरी एखाद्या आज्ञावलीत नावाऐवजी चौकटी अथवा प्रश्नचिन्हे उमटतात. शिवाय राग आणि ताल कोठे लिहावेत? फ्लॅकमध्ये हवी ती नवी नोंद करता येते. ती नोंद वेगळ्या स्तंभात दाखविणारी आज्ञावली शास्त्रीय संगीताच्या संग्रहाला फार उपयोगी पडते. दुसरी कसोटी कानाची आहे. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित ख्याल संपतो न संपतो तोच द्रुत सुरू होते, आणि हे दोन भाग पुष्कळदा दोन फाइलींत असतात. एमपी-थ्री पद्धतीत फाइलीच्या आरंभी व शेवटी थोडी शांतता भरली जाते. जाणती आज्ञावली ती कापून भाग जोडून वाजविते. अजाण आज्ञावलीत नेमक्या समेवर ठेच लागते.

आज्ञावली घ्यावी ती कर्त्याच्याच संकेतस्थळावरून. इतर ठिकाणी तिच्याबरोबर नको असलेल्या चार गोष्टी गुपचूप संगणकात शिरतात. घेतल्यावर आठ दिवस ती वापरावी. मग ती काढून टाकून दुसरी बसवावी आणि काय उरले ते पाहावे. गाणी व त्यांवरील नावे फाइलींतच असतील, तर नवी आज्ञावली ती लगेच वाचते. हाताने लावलेला गाण्यांचा क्रम मात्र पुष्कळदा जुन्या आज्ञावलीबरोबरच नाहीसा होतो. तो एम-थ्री-यू नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत आधीच उतरवून ठेवता येतो. फाइलींची नावे देवनागरीत असतील, तर तिचाच एम-थ्री-यू-एट हा प्रकार घ्यावा.